अफूची गोळी आणि घरांतील दुखणाईत

अफूचें नांव घरांत निघालें कीं वडीलधारी मंडळी भुंवया चढवितात. तें योग्यच आहे. व्यसनानें घरें कशीं धुळीस मिळतात हें कोणास नव्यानें सांगावयास नको. परंतु त्याच अफूपासून निघणारें मॉर्फीन कर्करोगाच्या असह्य वेदनेवर उत्तम औषध आहे, हें सुशिक्षित घरांतही फारसें ठाऊक नसतें.

आम्हांला तें कळलें आमच्या काकूंच्या आजारांत. २००९ सालीं कबनूरच्या घरीं त्या अंथरुणास खिळल्या. रात्रपाळीच्या मागांच्या खडखडाटांतूनही त्यांचें कण्हणें माजघरांत ऐकूं येई. डॉक्टरांनीं मॉर्फीनच्या गोळ्या लिहून दिल्या. पण त्या ना गांवांत मिळाल्या, ना इचलकरंजींत. "साहेब, परवान्याची फार कटकट, आम्ही तें ठेवीतच नाहीं," असें दुकानदार म्हणे. अखेर दूरच्या एका मोठ्या रुग्णालयांतून गोळ्या आणल्या, आणि कित्येक दिवसांनीं काकू रात्रभर निजल्या.

आश्चर्य हें कीं, सरकारी परवान्यानें अफू पिकविणाऱ्या मोजक्या देशांत आपला देश आहे. मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तरप्रदेश येथें तिचें पीक निघतें. नीमच व गाझीपूर येथें तिचे सरकारी कारखाने आहेत. मग काकूंस गोळी कां मिळूं नये? १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें शिक्षा कडक झाल्या आणि राज्याराज्यांत निरनिराळे परवाने लागूं लागले. त्या धास्तीनें डॉक्टर व दुकानदार दोघेही मागें सरले. २०१४ सालीं कायदा सुधारून अशा आवश्यक औषधांकरितां देशभर एकसारख्या नियमांची सोय झाली. परंतु मनांतील भय कायद्याइतक्या लवकर बदलत नाहीं.

अमेरिकेंत याच्या उलट घडलें. १९९६ सालीं ऑक्सिकॉन्टिन नांवाची अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी तेथें बाजारांत आली. तिचें व्यसन इतरांहून कमी लागतें, अशी भलावण झाली. या खोट्या भलावणीबद्दल पर्ड्यू समूहाच्या कंपनीनें २००७ सालीं न्यायालयांत गुन्हा कबूल केला. पुढें हेरॉईन व फेंटानिल यांची भर पडली, आणि २०२१ या एका वर्षांत मादक द्रव्यांच्या अतिमात्रेनें तेथें एक लाखाहून अधिक माणसें दगावलीं. मग डॉक्टरांनीं हात इतका आखडला कीं खऱ्या वेदनाग्रस्तांच्याही गोळ्या एकाएकीं थांबल्या. तसें करूं नये, असें तेथील रोगनियंत्रण संस्थेस २०२२ सालीं बजावावें लागलें.

तेव्हां दोन्ही देशांचा अनुभव ध्यानीं घेऊन गृहस्थांनीं मधला मार्ग धरावा. असें औषध घरीं आल्यास तें कुलपांत ठेवावें, एकाच जबाबदार माणसानें सांगितल्या वेळीं मोजून द्यावें, आणि उरल्यास त्याचें काय करावें हें डॉक्टरांस विचारावें. मात्र घरांतील दुखणाईत निमूटपणें सोसतो आहे, म्हणून त्याच्या धीराचें कौतुक करीत बसूं नये. त्याची वेदना कमी करण्यास काय देतां येईल, हें डॉक्टरांस स्पष्टपणें विचारावें. तो त्या रोग्याचा हक्कच आहे.