काय उडतं, काय उरतं

माझा मावसभाऊ भोपाळला सरकारी नोकरीत आहे. त्याचं क्वार्टर शिवाजी नगरात. उन्हाळ्याच्या सुटीत मी चार दिवस तिकडे गेले, तेव्हा त्याच्या आठवीतल्या मुलीने शाळेसाठी केलेला प्रयोग गच्चीवर मांडून ठेवला होता. काळा रंग दिलेला ट्रे, त्यात मिठाचं पाणी, वर तिरपी काच. उन्हाने पाण्याची वाफ होते, काचेवर थेंब धरतात आणि ओघळून बाजूच्या नळीतून बाटलीत पडतात. मावशीने बोटभर चाखून पाहिलं आणि हिंदीमिश्रित मराठीत म्हणाली, "अगं, एकदम मीठं आहे की!" तिथे मीठं म्हणजे गोड, हे मला कळायला क्षणभर लागलं.

मुलीने विचारलं, "आत्या, कार्बाइडजवळचं पाणी यात टाकलं तर तेही प्यायला चालेल?"

मी भूगोल शिकवते, रसायनशास्त्र नाही. पण बाष्पीभवन हा आमचाही विषय, आणि भोपाळमध्ये तो विषय साधा नाही. युनियन कार्बाइडने कारखान्याच्या उत्तरेला १९७७ साली सौर बाष्पीभवनाची तळी बांधली होती. खाली प्लास्टिकचं अस्तर, त्यात कारखान्याचं सांडपाणी सोडायचं आणि बाकीचं काम सूर्यावर सोपवायचं. पाणी उडून जाईल, घाण तळाशी राहील, असा हिशेब. १९८२ मध्ये तळं गळत असल्याचा उल्लेख कंपनीच्याच पत्रव्यवहारात आहे, म्हणजे वायुकांडाच्या दोन वर्षं आधी. १९८४च्या डिसेंबरातली ती रात्र सगळ्या जगाला ठाऊक झाली. जमिनीखालून चाललेली गोष्ट मात्र वस्त्यांमधल्या हातपंपांना आधी कळली. १९९९ मध्ये ग्रीनपीसने तिथलं पाणी तपासलं तेव्हा त्यात क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइड सापडलं. या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या, असा आदेश २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. कारखान्यात साठवलेला ३३७ टन कचरा २०२५ साली पिथमपूरला नेऊन जाळला. जमिनीत मुरलेलं मात्र जाळता येत नाही.

म्हणून मुलीला मी नाही म्हटलं. मीठ उडत नाही, ते ट्रेमध्येच राहतं. फ्लोराइड, शिसं यांचंही बहुतांशी तसंच. पण क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतं, कार्बन टेट्राक्लोराइड ७७ अंशांना. पाण्याच्या आधी तीच वाफेवर स्वार होतात आणि काचेवरून उतरून त्याच बाटलीत येऊ शकतात. बाटलीतलं पाणी दिसायला आरशासारखं निर्मळ असेल, आणि भीती वाटते ती याचीच.

तंत्र तसं जुनं आहे. चिलीच्या वाळवंटात लास सालिनास इथे १८७२ साली खाणीच्या वस्तीसाठी काचेखालची अशी मोठी व्यवस्था उभी केली होती. दिवसाला वीस हजार लिटरच्या वर गोडं पाणी ती देत असे. अडचण उष्णतेची आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी ऊर्जा लागते. साध्या ट्रेमध्ये सगळं पाणी तापत बसतं, निम्मी उष्णता वायाच जाते, आणि चौरस मीटरमागे दिवसाला दोन ते चार लिटर हाती लागतात. इथे नवीन पदार्थांनी बाजी मारली आहे. २०१४ साली एमआयटीच्या संशोधकांनी ग्रॅफाइटचा थर दिलेला, पाण्यावर तरंगणारा सच्छिद्र कार्बनचा फेस केला. तो कंदिलाच्या वातीसारखं थोडंथोडं पाणी वर ओढतो आणि तेवढंच तापवतो. पुढे वरून जाळून काळं केलेलं लाकूड आलं, पाणी धरून ठेवणारे जेलही आले. सेंद्रिय विष उन्हातच मोडून टाकणारा थर त्यावर देण्याचे प्रयोग चालू आहेत, पण ते अजून प्रयोगशाळेत आहेत.

हे सगळं आपल्या वाचकांना सांगण्याचं कारण पूर्णेचा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. नळयोजना पोचली तिथे त्रास कमी झाला, पण पुरवठा लांबला की पुन्हा बोअरकडे धाव. इथलं दुखणं मुख्यतः मिठाचं आहे, म्हणून ही काच इथे खरोखर कामाची आहे. पाच माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाला वीसेक लिटर धरले, तर सहा-सात चौरस मीटर काच लागेल. गच्चीवर तेवढी जागा निघते. धूळ मात्र रोज पुसावी लागेल, आणि वानरांचं काय करायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

पण हा कापसाचा मुलूख आहे. भोपाळचा तो कारखानाही सेव्हिन नावाचं कीटकनाशक बनवत होता, आणि ते कापसावरही फवारलं जाई. तेव्हा कोणी अशी योजना घेऊन गावात आला, तर विहिरीच्या पाण्याची तपासणी नुसत्या खारटपणापुरती करू नये. फवारणीच्या औषधांसाठीही करून मागावी. शिवाय ट्रेमध्ये उरलेलं खारं पाणी कुठे ओतणार, हेही आधीच विचारावं. अंगणात ओतलं तर ते पुन्हा विहिरीतच जायचं.