रद्दी घालण्यापूर्वी

सांगलीत हळदीची अडत करणाऱ्या एका एकत्र कुटुंबात माळ्यावरच्या लोखंडी पेटीची जागा काही वर्षांपूर्वी एका लहानशा यंत्राने घेतली. दोन हार्ड डिस्क बसविलेला हा घरगुती सर्व्हर. सर्वांचे मोबाइल, पेढीचा संगणक आणि चार सीसीटीव्ही कॅमेरे त्याला जोडलेले. छायाचित्रे, लग्नांच्या चित्रफिती, बिलांच्या प्रती, सारे त्यातच. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी यंत्राने इशारा दिला की, जागा संपत आली आहे.

घरात टंचाई झाली की दोष कोणाचा हे आधी ठरते, मोजमाप नंतर होते. धाकट्या मुलाने वहिनींच्या फोटोंकडे बोट दाखविले, वहिनींनी त्याच्या चित्रपटांकडे. अण्णांचा प्रश्न निराळाच होता. "चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्क घेतल्या. मग आठ टेराबाइट गेले कुठे?"

आठ कधी नव्हतेच. एका डिस्कवर लिहिलेले सारे तसेच्या तसे दुसरीवर उतरत असल्याने वापराला चारच उरतात. त्यातही यंत्र ३.६ दाखविते, कारण डिस्क बनविणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि यंत्र १०२४ च्या पटीत. गावोगावचा मण पूर्वी वेगळा असे, तसाच हा प्रकार.

त्या रात्री धाकट्याने अंदाजानेच बरेच जुने फोल्डर काढून टाकले. तरी मोकळी जागा तसूभरही वाढली नाही. काढलेल्या फाइल यंत्राच्या रीसायकल बिनमध्ये जाऊन पडतात आणि तिथेही त्या तेवढीच जागा अडवितात. तो बिन रिकामा करू लागला, तेव्हा अण्णांनी त्याला थांबविले.

"रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवण्याआधी गठ्ठा सोडून बघायचा, ही आपल्या घरची रीत आहे. आधी मला दाखव."

बिनमध्ये अण्णांच्या आईंचे, आक्कांचे, चाळीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण निघाले. नातीने शाळेच्या प्रकल्पासाठी ते केले होते. हरिपूरच्या पेवांत हळद कशी साठवीत, हे आक्का त्यात सांगत होत्या. त्या जाऊन तीन वर्षे झाली होती आणि नातीचा तो मोबाइलही राहिला नव्हता. खोलीत कोणी बोलले नाही. बिन रिकामा झाला असता, तर दोन्ही डिस्कवरून तो आवाज एकाच क्षणी गेला असता. दुसरी डिस्क पहिली बिघडली तर उपयोगी पडते. माणसाची चूक मात्र ती तितक्याच इमानाने उतरवून घेते.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी रोजमेळाची खतावणी करावी तशी जागेची खतावणी करविली. कोणत्या खात्यावर किती, हे लिहून काढले. फोटो आणि चित्रपट दोन्ही निर्दोष ठरले. पेढीचे एक पोते गहाळ झाल्यावर कॅमेऱ्यांचे चित्रण सात दिवसांऐवजी तीस दिवस ठेवण्याची सूचना अण्णांनीच दिली होती. सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट जागा घेतो. चार कॅमेरे, तीस दिवस, म्हणजे सुमारे २.६ टेराबाइट. आक्कांच्या साऱ्या बोलण्याला जेवढी जागा लागली, तेवढी रिकाम्या फाटकाचे चित्र काढण्यात एक कॅमेरा अडीच मिनिटांत खर्ची घालीत होता.

"म्हणजे चोर मीच," अण्णा म्हणाले आणि वहिनींना हसू आवरेना.

चित्रण तिसाऐवजी दहा दिवसांवर आणले, तेव्हा पावणेदोन टेराबाइटच्या आसपास जागा सुटली. कॅमेऱ्यांना आणि प्रत्येकाच्या खात्याला जागेची मर्यादा घालून दिली. बिलांना हात लावला नाही, कारण जीएसटी कायद्याप्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने कागदपत्रे जपावी लागतात. बिन आता कोणी एकट्याने रिकामा करीत नाही. दोघांनी यादी पाहिल्यावरच तो रिकामा होतो.

एक काम उरले होते. जाणकार म्हणतात, मोलाच्या वस्तूच्या तीन प्रती असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. हे अण्णांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरून साठविलेली हळद गेली, हे त्यांनी पाहिले होते. एकाच पेवात दोन पोती ठेवली, तरी पूर दोन्ही नेतो.

म्हणून एका वेगळ्या डिस्कवर निवडक फोटो, पेढीची खाती आणि आक्कांचा आवाज उतरवून घेतला. भाऊबीजेला आलेली लेक पुण्यास परत निघाली, तेव्हा फराळाच्या डब्यांबरोबर अण्णांनी ती डिस्क स्वतःच्या हाताने तिच्या पिशवीत ठेवली. दर दिवाळीला ती परत आणायची आणि नवी नोंद करून पुन्हा न्यायची, असे ठरले.