चौकटीबाहेर काय ठेवायचे

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बेंगळूरुत जून ते सप्टेंबर या महिन्यांत आकाश बहुतेक दिवस ढगांनी झाकलेले असते, आणि त्या ढगांतून गाळून येणारा उजेड माणसांच्या चेहऱ्यांवर कडक सावल्या न पाडता सर्व बाजूंनी सारखा पसरतो. छायाचित्रणाच्या परिभाषेत यालाच मऊ प्रकाश म्हणतात. शाळेचे वर्षही याच सुमारास सुरू होत असल्याने आठवी-नववीच्या वर्गात कॅमेरा प्रथमच गांभीर्याने हाती घेणाऱ्या मुलांना हे शहर आरंभी फारसे छळत नाही. कठीण धडे पुढे येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेची तबेबुयाची झाडे गुलाबी फुलांनी लगडतात, त्यांच्यावर दुपारचे ऊन पडते आणि त्या झळाळीपुढे झाडाखालच्या फळवाल्याचा चेहरा काळवंडून जातो. फुले टिपावीत तर माणूस हरवतो, माणूस टिपावा तर फुले पांढरीफटक पडतात, आणि दोहोंपैकी एकाची निवड केल्यावाचून चित्र पुरे होत नाही, हे विद्यार्थ्याच्या तेव्हा ध्यानात येते.

ही निवड कॅमेऱ्यात तीन मार्गांनी होते. भिंगामागील छिद्र लहान-मोठे करता येते आणि त्याचे माप एफ-अंकाने सांगतात. अंक जितका लहान तितके छिद्र मोठे, ही उलटी गणिती रीत मुलांना काही दिवस बुचकळ्यात टाकते, कारण एफ/४ वरून एफ/५.६ वर गेले की आत येणारा प्रकाश निम्मा होतो. शटर किती वेळ उघडे राहते यावर हालचाल गोठणार की तिचा फराटा उमटणार हे ठरते. सेकंदाच्या पाचशेव्या भागात धावत्या बसचे चाक थांबलेले दिसते, तिसाव्या भागात ते फिरताना दिसते. तिसरा मार्ग आयएसओ या संवेदकाच्या ग्रहणक्षमतेचा, जी वाढवली की अंधारातही चित्र मिळते, मात्र त्यात रवाळपणा येतो. मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यात छिद्र बहुधा कायमचे एकाच मापाचे असते आणि पार्श्वभूमी धूसर करण्याचे काम गणकप्रणाली करते. म्हणून फोनवर शिकवणाऱ्या शिक्षकाने त्या धूसरपणाच्या मोहात न पडता वेळ आणि प्रकाश यांचेच धडे आधी द्यावेत, हे अधिक प्रामाणिक. लालबागेतील काचगृह, ज्याची पायाभरणी १८८९ साली झाली, या धड्यांना फार सोयीचे आहे: काचेतून झिरपणारा उजेड, लोखंडी कमानींच्या रेषा, आणि दाराबाहेर पाऊल टाकताच बदलणारे सारे हिशेब.

शाळेत छायाचित्रण शिकवण्याची कल्पना नवी भासते, परंतु ती भारतात विद्यापीठांहूनही जुनी आहे. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथील विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली, तर मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग १८५५ सालीच भरू लागला होता. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यक सांभाळून तीत उत्साहाने वावरत होते. एल्फिन्स्टनच्या वर्गातून बाहेर पडलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतील नावाजलेले छायाचित्रकार झाले. बेंगळूरुकडे याच काळात कॅमेरा आला तो लष्करी हातांतून. मद्रास सेनेतील कॅप्टन लिनियस ट्राइप यांनी १८५४च्या अखेरीस बेलूर, हळेबीड आणि श्रवणबेळगोळ येथील शिल्पे टिपली, पुढे ते मद्रास सरकारचे छायाचित्रकार झाले आणि बेंगळूरु हे त्यांच्या कामाचे ठाणे बनले. एकाच दशकात एकीकडे वर्ग आणि दुसरीकडे सरकारी नोंदवही, असे या माध्यमाचे दोन रस्ते फुटलेले दिसतात. शाळेने यांपैकी कोणता धरावा हा प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

आजच्या वर्गापुढचा खरा पेच मात्र तंत्राचा नाही, कारण तंत्र एका सत्रात येते. पेच आहे तो ओळखीच्या चित्रांचा. कृष्णराजेंद्र मार्केटच्या वरच्या मजल्यावरून खाली पाहिले की शेवंती, झेंडू आणि गुलाबांचे ढीग, त्यांभोवती बसलेली माणसे आणि मधून वाट काढणारे हमाल यांचे एक तयार चित्र दिसते. शहरातील जवळजवळ प्रत्येक हौशी छायाचित्रकाराने ते काढलेले आहे आणि प्रत्येकाला ते पहिल्यांदाच सुचल्यासारखे वाटलेले आहे. त्या चित्रात दोष काही नाही, फक्त ते पाहणाऱ्याला जे ठाऊक आहे तेवढेच पुन्हा सांगते. मुलांना तेथे न्यावे, ते चित्र काढू द्यावे, आणि मग जिना उतरून खाली न्यावे; कारण कथा तेथे सुरू होते, जेथे कोणी हार ओवत असतो, कोणी उधारी वहीत टिपत असतो आणि उरलेली फुले ओल्या गोणपाटाखाली झाकली जात असतात.

चित्रकथा, म्हणजे एकाच विषयावरील अनेक छायाचित्रांची अर्थपूर्ण मांडणी, हा या अभ्यासाचा गाभा होय. तिच्यात साधारणपणे परिसर दाखवणारे एक दूरचे चित्र, माणसे आणि काम यांची मध्यम अंतरावरची चित्रे, हात, अवजार, घाम यांचे जवळचे तपशील, एखादी व्यक्तिप्रतिमा आणि काळ पुढे सरकल्याची खूण देणारे एखादे चित्र अपेक्षित असते. ही परंपरा ‘लाइफ’ साप्ताहिकासारख्या नियतकालिकांनी घडवली. डब्ल्यू. युजीन स्मिथ यांची १९४८ साली तेथे प्रसिद्ध झालेली गावच्या डॉक्टरावरील चित्रकथा तिचा मानदंड मानली जाते; त्यासाठी ते कोलोरॅडोतील क्रेमलिंग या लहान गावी त्या डॉक्टराच्या मागोमाग २३ दिवस वावरले. चाळीस मिनिटांच्या तासिकेत शिकणाऱ्या मुलांना हा आकडा मुद्दाम सांगावा.

बसवनगुडीच्या दोड्ड बसव, म्हणजे मोठ्या नंदीच्या, मंदिरापाशी कार्तिक महिन्यातील शेवटच्या सोमवारी भरणारी कडलेकाई परिषे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा, हा विषय बेंगळूरुतील शाळेला अंगणात मिळालेला आहे. गावोगावचे शेतकरी आणि विक्रेते शेंगांच्या राशी रस्त्याच्या दुतर्फा ओततात, भाजलेल्या शेंगांचा वास सायंकाळच्या गारठ्यात दूरवर रेंगाळतो, फुगेवाले, बांगडीवाले आणि पाळणे गर्दीला रंग देतात, आणि कॅमेरे सोमवारच्या संध्याकाळी त्या रंगांवर तुटून पडतात. ज्या विद्यार्थ्याला कथा सांगायची आहे त्याने सोमवारच्या आधी पोचायला हवे, पोती उतरताना, राशीशेजारीच पथारी पसरून झोपलेले कुटुंब दिसते तेव्हा. आणि जत्रा उलगली की पुन्हा जायला हवे, टरफलांनी भरलेला रस्ता झाडणाऱ्या पौरकार्मिकांसाठी; या शहरात सफाई कामगारांना याच नावाने ओळखतात. अशा दहा चित्रांत नंदीचे एकही चित्र नसले तरी चालेल, आणि असलेच तर ते कशासाठी ठेवले हे मुलाला सांगता आले पाहिजे. तीनशे चित्रांतून दहा निवडणे, उरलेली दोनशे नव्वद चांगली असूनही बाजूला ठेवणे, हे काम कॅमेरा चालवण्यापेक्षा अधिक वेळ मागते, आणि मराठी वा कन्नड निबंधाच्या वहीत लाल शाईने खोडलेल्या ओळींशी त्याचे जवळचे नाते आहे. म्हणून हा विषय संगणककक्षाकडे सोपवण्याऐवजी भाषेच्या शिक्षकाला त्यात बरोबरीने ओढावे.

चित्राखाली लिहिली जाणारी ओळ याच शिक्षकाच्या हाताखाली घडते. ती ओळ चित्र कसे पाहायचे ते ठरवते आणि पुष्कळदा चित्रातल्या माणसावर अन्यायही करते. ‘द पीपल ऑफ इंडिया’ या १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघालेल्या ग्रंथात भारतीयांची छायाचित्रे जाती-जमातींच्या शीर्षकांखाली लावली गेली आणि सोबतच्या मजकुरात कित्येक समूहांचे स्वभावही ठरवून टाकले गेले. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील रहिवाशांवर काढलेल्या त्याच दशकातील ग्रंथात तर स्टुडिओत टिपलेल्या आकृती कापून निराळ्या पार्श्वभूमीवर चिकटवलेल्या आहेत. चित्रातली माणसे जेथे दिसतात तेथे ती कधी उभीच नव्हती. आज फोनवर बोट फिरवून पार्श्वभूमी बदलणाऱ्या पिढीला हे उदाहरण चटकन समजते. कोण, कोठे, केव्हा, काय करत आहे, एवढेच खात्रीने लिहावे, विशेषणे टाळावीत, आणि नाव लिहायचे तर ते त्या माणसाने सांगितले तसे लिहावे, हे साधे नियम त्या ग्रंथांना पुरेसे उत्तर आहेत.

परवानगीचा धडा याला जोडूनच येतो. म्हैसूरचे टी. एस. सत्यन, ज्यांनी वृत्तपत्रीय छायाचित्रणाची सुरुवात बेंगळूरुच्या ‘डेक्कन हेरल्ड’मध्ये केली आणि ज्यांनी टिपलेल्या मुलांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन युनिसेफने १९७९ या आंतरराष्ट्रीय बालक वर्षात संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात भरवले, त्यांची चित्रे या दृष्टीने वर्गात लावण्याजोगी आहेत. गरिबी त्यांत दिसते, पण दयेची याचना दिसत नाही. मुले खेळतात, शिकतात, आणि आपल्या कामात इतकी गढलेली असतात की छायाचित्रकार त्यांच्यात बराच वेळ बसून राहिला असणार हे उघड होते. कस्तुरबा रोडवरील म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी २०२३ साली प्रेक्षकांसाठी उघडले, तेव्हापासून मूळ मुद्रिते जवळून पाहण्याची सोयही शहरात झाली आहे. पडद्यावर बोटाने सरकवलेले चित्र आणि भिंतीवरचे, ज्यापुढे उभे राहावे लागते ते चित्र यांतील फरक मुलांना तेथे एका भेटीत कळतो.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांतील भिंत काढण्याचे बोलून दाखवले आहे, त्यामुळे छायाचित्रणाला वेळापत्रकात जागा मागण्यास आता आधार मिळतो. पण ती जागा शनिवारच्या शेवटच्या तासाची असेल, तर तिचा उपयोग शाळेच्या स्नेहसंमेलनाची छायाचित्रे फुकटात काढून घेण्यापलीकडे होणार नाही. हा विषय सुरू करू पाहणाऱ्या शाळांनी महागड्या कॅमेऱ्यांची मागणी नोंदवण्याआधी सलग दोन तासांची तासिका, शाळेच्या व्हरांड्यातील एक मोकळी भिंत आणि छपाईसाठी थोडी रक्कम राखून ठेवावी. आणि प्रत्येक चित्रकथेतील माणसाला त्याच्या चित्राची एक प्रत विद्यार्थ्याने स्वतः जाऊन द्यावी, अशी अट गुणपत्रिकेत घालावी.