सर्व्हर स्वतःचंच नाव विचारत बसला होता!

सेलूत वळीव आला की आधी धुरळा उडतो, मग लाईट जाते. परवा लाईट गेली, म्हाताऱ्या यूपीएसनंही मान टाकली आणि ऑफिसातला जुना लिनक्स मेल सर्व्हर धाडकन बंद पडला. लाईट आल्यावर मशीन उठलं, पडद्यावर ‘स्टार्टिंग सेंडमेल’ उमटलं आणि गाडी तिथंच अडकली!

‘डिस्क गेली,’ सगळ्यांचं एकमत. पण डिस्कची तपासणी तर केव्हाच उरकली होती. फाइलसिस्टीमला जर्नल असलं की अर्धवट नोंदी बहुधा काही सेकंदांत निस्तरतात. लिनक्समध्ये ही सोय ‘ईएक्सटी-३’मुळे २००१पासून रुळली.

मग मेलचा लॉग उघडला आणि अक्षरशः उडालोच! सेंडमेलनं स्वतःच लिहून ठेवलं होतं: माझं पूर्ण नाव सापडत नाही, झोपतो आणि पुन्हा बघतो. बरोब्बर ६० सेकंदांनी पुढची ओळ: नाही सापडलं, आखूड नावावरच भागवतो. लगेच त्याचा रांग सांभाळणारा भाऊबंदही तेच रडगाणं गात आणखी मिनिटभर झोपलेला! म्हणजे बिघाड कुठंच नव्हता. सर्व्हर डीएनएसला विचारत होता, ‘मी कोण?’ आणि उत्तर आणणारा फायबरचा मोडेम अजून लाइनच पकडत होता. एरवी मोडेम आधीपासून चालू असतो, म्हणून हे कधी जाणवलंच नाही. दोघं एकदम उठले की सर्व्हर पुढं, इंटरनेट मागं.

इलाज ऐकाल तर हसाल. ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘होस्ट्स’ फाइलीत एक ओळ: आधी सर्व्हरचा आयपी, मग डोमेनसकट पूर्ण नाव, शेवटी आखूड नाव. क्रम महत्त्वाचा, पूर्ण नाव आधीच हवं. मशीन पुन्हा चालू केलं, मुद्दाम मोडेम बंद ठेवून! सेंडमेल डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उभा. एरिक ऑलमन यांनी बर्कलीत १९८०च्या दशकात लिहिलेला हा प्रोग्राम इतकं सरळ बोलतो आणि आपण मात्र स्क्रू-ड्रायव्हर शोधत फिरतो!

दरम्यान आलेल्या पत्रांची काळजी नको. समोरचा सर्व्हर पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा धाडतो. निदान चार-पाच दिवस प्रयत्न करावेत असा मेलचा नियमच आहे.

जिंतूर, गंगाखेड, मानवत, जिथं कुठं असा सर्व्हर सांभाळत असाल तिथं पुढचं वादळ यायच्या आत ती फाइल उघडून बघाच. आणि यूपीएसची बॅटरी बदला.