आधी आर्मिनियस, मग खाज्या नाईक!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे रोमन लोक मला आधी भेटले, खाज्या नाईक फार उशिरा! सीझरने ऱ्हाइन नदीपलीकडच्या टोळ्यांना सरसकट 'जर्मन' म्हटलं, अलीकडच्या केल्टांना 'गॉल'. टोळ्यांची स्वतःची नावं वेगळीच होती. त्यातल्या चेरुस्कींचा आर्मिनियस आधी रोमन सैन्यात होता, इ.स. ९ मध्ये त्यानेच रोमच्या तीन पलटणी जंगलात गाठून संपवल्या.

आता आपला खानदेश बघा. १८१८ मध्ये इंग्रज आले. सातपुड्यातले भिल्ल काही केल्या ऐकेनात, म्हणून १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभारली. डोकं बघा साहेबाचं! खाज्या नाईकही कधीकाळी इंग्रजांच्या नोकरीत सेंधव्याचा घाट राखायचा. १८५७ मध्ये तोच उलटला, आणि १८५८ च्या एप्रिलमध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली.

पण 'भिल्ल' म्हणजे नेमकं कोण? अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत तडवी, पावरा, वसावे सगळे 'भिल्ल' याच एका नोंदीत आहेत. शिरपूरकडचा माझा मित्र मात्र ठणकावून सांगतो, "मी पावरा. भिल्ल वेगळे." अंबापाणीचा विषय निघाला की तोच म्हणतो, "आपले लोक लढले ना भाऊ!" मला दोन्ही खरं वाटतं. 'जर्मनी' नावाचा देश आर्मिनियसने कुठे पाहिला होता? तरी १८७५ मध्ये डेटमोल्डजवळ त्याचा भला थोरला पुतळा उभा राहिलाच. आणि आपल्या वर्गात खाज्या नाईक कोण, हे विचारलं तर किती हात वर येतील?