महावीरांच्या नावाचे अरण्य

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला आणि दुसऱ्याच पहाटे साध्वीजींचा सावनेरहून विहार झाला. विहारसेवेला नातवाला उठवले, तर तो म्हणाला, "आजोबा, इतके हळू चालायचे, त्यापेक्षा गाडीने का जात नाहीत?" झोपेतल्या मुलाला काय समजवावे? मी एकटाच गेलो. आठवड्याने आम्ही सहकुटुंब गोव्याला निघालो. नातवाला समुद्राची ओढ होती. मला मात्र एका नावाची.

पणजीहून पूर्वेस सुमारे साठ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पायथ्याशी मोले आहे. तेथील २४० चौरस किलोमीटरच्या अभयारण्याला भगवान महावीरांचे नाव आहे. १९६९ मध्ये हे अभयारण्य घोषित झाले आणि १९७८ मध्ये त्यातील १०७ चौरस किलोमीटरचा गाभा राष्ट्रीय उद्यान झाला. पर्यटक येथे बहुधा दूधसागर धबधब्यासाठी येतात. आम्ही सकाळी वाटाड्याबरोबर पायी फिरण्याचे ठरवले. डब्यात खाकरे होते, पाणी गाळून घेतले होते आणि कोणीतरी सुचवल्यावरून जळवांसाठी मिठाची पुडीही घेतली होती.

आपल्याकडे पेंचच्या सागवनात ऊन जमिनीपर्यंत पोहोचते आणि उन्हाळ्यात वाळलेल्या पानांचा आवाज दूरवर जातो. येथे आपल्या जवळजवळ तिप्पट पाऊस पडतो. झाडांवर वेली, वेलींवर शेवाळे आणि खाली हिरवा काळोख. एका खोडाची मगरीच्या पाठीसारखी साल पाहून मी थबकलो. वाटाड्या म्हणाला, "ही माट्टी." तो तर आपला ऐन! परक्या मुलखात गावचा माणूस भेटावा, तसा आनंद झाला.

वाटाड्याने आरंभीच तीन गोष्टी सांगितल्या होत्या : बोलू नका, पुढची चार हात जमीन पाहून मगच पाऊल टाका, कशालाही हात लावू नका. कोणी घाई केली की तो कोकणीत म्हणे, "ल्हवू ल्हवू." म्हणजे हळूहळू. मी मनात हसलो. पाठशाळेत ईर्यासमितीचा अर्थ आम्हाला नेमका याच शब्दांत शिकवला होता. वाटाड्याला ते नाव ठाऊक नव्हते. पण त्याचे पाऊल मुंग्यांच्या रांगेवर एकदाही पडले नाही.

तसे चालू लागल्यावर अरण्य दिसू लागले. खोडाचाच तुकडा वाटणारा उडता सरडा पंखासारखी कातडी पसरून पलीकडच्या झाडावर गेला. उंच फांदीवर शेकरू फळ कुरतडत होता. गोव्याचा राज्यप्राणी गवा काही दिसला नाही. चिखलात त्याचे ओले खूर तेवढे उमटले होते.

ओढ्याजवळ नातवाच्या पोटरीला जळू लागली. तो ओरडला, सौभाग्यवतींनी मिठाची पुडी काढली. वाटाड्याने हातानेच थांबवले. "मिठाने ती मरते," एवढेच बोलून त्याने जळवेच्या तोंडाखाली नख सरकवले, तिला अलगद सोडवून पानावर ठेवले आणि जखमेवर कापूस दाबला. जळू द्वींद्रिय जीव, हे मला लहानपणापासून पाठ. तरी पुडी आमच्याच पिशवीत होती.

परतीच्या वाटेवर झाडांमागून रेल्वेची शिट्टी ऐकू आली. कुळे–कॅसलरॉक लोहमार्ग याच अरण्यातून जातो. त्याचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि नवी वीजवाहिनी या तीन प्रकल्पांविरुद्ध २०२० मध्ये गोव्यात मोठे जनआंदोलन उभे राहिले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाची वन्यजीवविषयक मंजुरी रद्द केली. आपण सावनेरकर कोळशाच्या खाणींच्या शेजारी राहतो. रस्ता, रेल्वे आणि वीज यांवाचून आपले दुकान एक दिवस चालत नाही. त्यामुळे कोणाकडे बोट दाखवण्याचे धैर्य मला झाले नाही. मात्र श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आणि वनकर्म हीच पहिली दोन नावे आहेत, हे त्या शिट्टीने आठवून दिले. नफ्याचा हिशेब आपण दर दिवाळीला चोख मांडतो. त्या नफ्यासाठी कोणाचे घर मोडले, याचा रकाना आपल्या वहीत नाही.

वाटाड्याचा निरोप घेऊन गाडीत बसलो. नातू बराच वेळ गप्प होता. मग पोटरीवरचा कापूस चाचपत त्याने विचारले, "आजोबा, साध्वीजी रोज असेच खाली बघत चालतात?"

"रोज. उन्हातही आणि थंडीतही."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात वाटेवर जीव फार असतात. म्हणून चार महिने थांबतात."

त्याने मान डोलावली. सागरकिनारी पोहोचलो तेव्हा सूर्य मावळतीला आला होता. वाळूवर खेकड्यांची इवली पिल्ले धावत होती, आणि आमचा नातू पाण्याकडे ल्हवू ल्हवू चालला होता.