नाशिकच्या भांडी बाजारात मोड घेऊन जाताना

वाचकहो, नाशिकला आपले जाणे-येणे काही नवे नाही. कुणी द्राक्षाच्या औषधांसाठी जातो, कुणी कोर्टाच्या तारखेला, कुणी दवाखान्यात, तर कुणी रामकुंडावर. आज मात्र मी आपल्याला तिथल्या भांडी बाजारात नेणार आहे. तेही नवी भांडी घ्यायला नव्हे, तर माळ्यावरची जुनी पितळ विकायला.

आपण म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाला भांड्यांत लक्ष घालायचे काय कारण? कारण आहे. मृग जवळ आला, बी-खताला पैसे कमी पडू लागले, की पुष्कळ घरांतून पहिल्याने बाहेर पडते ती पितळ. गावोगाव फिरताना हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. कांदा विकताना लासलगावचा भाव विचारून, पिंपळगावचा भाव विचारून मग ट्रॅक्टर जोडणारा माणूस, आजीच्या हातचा हंडा मात्र दारावर आलेल्या पहिल्या भंगारवाल्याला देऊन टाकतो. वजन त्याचे, काटा त्याचा, भावही त्याचाच! अडला हरी, दुसरे काय. पण थोडी तयारी केली तर याच मालाचे चांगले पैसे होतात. ही तयारी घरूनच करायची असते, म्हणून एस. टी. धरण्याआधी घडीभर ओसरीवर बसू.

माळ्यावरचे, कोठीतले, गोठ्यातले सगळे जिन्नस अंगणात आणा. हंडे, कळशा, पराती, तपेली, डबे, समया तर निघतीलच. पण बैलांच्या शिंगांच्या शेंब्या आणि गळ्यातल्या घंटाही विसरू नका; ट्रॅक्टर आल्यापासून त्या खुंटीला लटकलेल्या असतात. पितळी टाकीचा फवारणीचा जुना पंप कोपऱ्यात पडलेला असेल. आताच्या प्लॅस्टिकच्या पंपांपुढे तो निरुपयोगी झाला, तरी त्याची टाकी आणि नळी पितळेची आहे. मात्र वर्षानुवर्षे त्यात औषध कालवलेले असते. तो विहिरीपासून दूर, हातमोजे घालून धुवा आणि भांड्यांत मिसळू नका.

आता निवड करायची. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. साधारणपणे दोन भाग तांबे आणि एक भाग जस्त. कासे म्हणजे तांबे आणि कथील. कथील हे जस्तापेक्षा कितीतरी महाग, म्हणून काशाला पितळेहून जास्त भाव असतो. नुसत्या तांब्यालाही पितळेपेक्षा जास्त भाव मिळतो. काजळी आणि डाग चढले की हे तिन्ही एकसारखेच काळे दिसतात आणि सगळे 'पितळ' म्हणून तोलले जातात. खरे नुकसान होते ते इथेच. समजा, पंधरा किलोच्या ढिगात तीन किलो तांबे आहे आणि पितळेचा भाव किलोला ५०० रुपये, तांब्याचा ७०० रुपये आहे. सगळे सरसकट दिले तर ६०० रुपये बुडाले!

ओळखायचे कसे? भांड्याच्या बुडाला, दिसणार नाही अशा जागी, कानशीने जरासे घासा. आत लालसर निघाले तर तांबे, पिवळे निघाले तर पितळ. पाण्याचा बंब आणि घंगाळ बहुधा तांब्याचे निघते. काशाची थाळी-वाटी टिचकी मारली की लांबवर घुमते. आपटली तर तिला पोचा पडत नाही, ती तडकते किंवा फुटते. पितळेला पोचा पडतो. इंजिनाची जुनी बुशे पुष्कळदा गनमेटलची असतात आणि गनमेटलमध्येही कथील असते. तीही वेगळी ठेवा.

मग पोरांच्या खेळण्यातले लोहचुंबक घ्या आणि एकेका वस्तूवर फिरवा. चुंबक चिकटले तर आत लोखंड आहे. कित्येक हंड्या-पातेल्यांच्या काठात लोखंडी तार वळवून बसवलेली असते, कड्या लोखंडी असतात, आणि काही दिखाऊ वस्तू तर वरून नुसता पिवळा मुलामा दिलेल्या असतात. पण चुंबक चिकटले नाही म्हणजे पितळच, असेही समजू नका. स्वस्त नळांच्या तोट्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. घासले की त्या आत करड्या निघतात. सुटणाऱ्या लोखंडी कड्या काढून ठेवा. पोकळ समईच्या बुडात कधी लाख किंवा माती भरलेली असते, तेही पाहून घ्या.

चिंच-मीठ लावून भांडी घासा. लखलखीत करण्यासाठी नव्हे, तर धातू उघडा दिसावा म्हणून. बंबातला क्षाराचा थर झाडून काढा. तो राहिला तर व्यापारी त्याच्यापोटी वजन कापणार. तेजाब वापरू नका. भांडी ठोकून चपटी करू नका. आणि घरच्या घरी पितळ वितळवायचा उद्योग तर मुळीच नको. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो.

शेवटचे काम वजनाचे. गावच्या दूध डेअरीत किंवा किराणा दुकानात काटा असतो. पितळ, तांबे, कासे वेगवेगळे तोला, आकडे कागदावर लिहा आणि कागद खिशात ठेवा. ही चिठ्ठी बाजारात आपली वकील!

चला आता नाशिकला. गाठोडी जड असतात, तेव्हा दोघे जण जावे. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो, त्या दिवशी गर्दी फार. मोड विकायची तर दुसरा दिवस धरलेला बरा. रविवार कारंजाकडून गोदावरीच्या बाजूला उतरू लागले की रस्ते अरुंद होत जातात. एकीकडे सराफ बाजार, त्याला लागूनच भांडी बाजार. कोणत्या गल्लीत शिरलो हे डोळे मिटूनही कळावे: पितळेवर पितळ आपटल्याचा तो नाद कानावर येतो. दुकानाबाहेर हंड्यांच्या उतरंडी, वर टांगलेले तांबे आणि कळशा, खाली समया, घंटा, पूजेची उपकरणी. यात्रेकरू इथून गोदावरीचे तीर्थ न्यायला गडू घेतात, वधूपिते रुखवताची भांडी घेतात. नदी इतकी जवळ की मोठा पूर आला म्हणजे पाणी थेट बाजारात शिरते. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत इथल्या दुकानदारांनी ते सोसले आहे.

महाराष्ट्रात असे बाजार इतरही आहेत. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. विदर्भात भंडारा गाव पितळी भांड्यांसाठी नावाजलेले आहे. आपल्याला जवळ असेल तिथे जावे, रीत सगळीकडे सारखीच.

गाठोडी एका ठिकाणी ठेवून एकाने राखण करावी आणि दुसऱ्याने रिकाम्या हाताने तीन दुकाने फिरावी. 'मोडीचा आजचा भाव काय? तांब्याचा काय? काशाचा काय? घट किती धरता?' एवढे चारच प्रश्न. तांब्याचा भाव लंडनच्या धातुबाजारात रोज खाली-वर होतो, मुंबईत त्याचे वायदे चालतात, आणि पितळेत तांबेच जास्त असल्याने मोडीचा भावही त्याच्यामागून चालतो. म्हणून मागच्या महिन्यात शेजाऱ्याला काय मिळाले यावर जाऊ नका. आजचा भाव आज विचारा.

घट म्हणजे लोखंड, मळ, डाग यांच्यापोटी वजनातून कापलेला भाग. थोडी घट रास्त असते, कारण भट्टीत तेवढे खरोखरच जाते. पण सरसकट दहा टक्के कुणी म्हणाला तर हिशेब मांडा. बारा किलोत लोखंड आणि मळ मिळून खरे ४०० ग्रॅम, आणि घट कापली १२०० ग्रॅम. म्हणजे ८०० ग्रॅम पितळ फुकट गेली. ५०० च्या भावाने ते ४०० रुपये होतात. नुसता चढा भाव ऐकून हुरळू नका. भाव आणि घट दोन्ही एकत्र धरून हातात काय पडते ते पाहा.

काट्याजवळ उभे राहा. काट्यावर वैधमापन खात्याची मोहर असावी लागते, पडताळणीचे प्रमाणपत्र दुकानात लावलेले असावे लागते. ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे ना, हे बघा. आपल्या चिठ्ठीतला आकडा आणि काट्यावरचा आकडा जुळला नाही, तर शांतपणे पुन्हा तोलायला सांगा. प्रामाणिक दुकानदार याचा राग धरत नाही.

मोड देऊन नवे भांडे घ्यायचे असेल, तर ते आधी बोलू नका. प्रथम रोखीचा भाव ठरवा, मग नव्या भांड्याचा भाव मजुरीसकट विचारा. समजा, मोड ५०० ने आणि नवे ८०० ने. दहा किलो मोडीचे ५००० रुपये झाले. त्यात सव्वासहा किलो नवे भांडे यायला हवे. 'दहा द्या, सहा न्या' हे कानाला गोड लागते, पण पाव किलो, म्हणजे २०० रुपये, तिथेच राहतात.

मध्यंतरी याच बाजारात एक कुटुंब पाहिले. मुलगा, सून आणि सत्तरीतली सासू. पेरणीसाठी पैसे हवे होते. दुकानदाराने घागर उचलून काट्यावर ठेवली, तोच म्हातारीने ती पालथी केली आणि काठावरचे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव बोटाने चाचपले. तिच्या आईचे नाव होते ते. ती काही बोलली नाही. सुनेने घागर काट्यावरून उचलली आणि बाजूला ठेवली. 'एवढी राहू द्या,' म्हणाली. बाकीची पितळ विकली गेली. एका घागरीने पेरणी अडली नसावी.

म्हणून सांगतो, काय विकायचे हे बाजारात ठरवू नका. लग्नात मिळालेली भांडी घरधनिणीची असतात. स्त्रीधनावर तिचाच पूर्ण हक्क, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले आहे. तिला विचारल्यावाचून गाठोडे बांधू नये. कोरलेली नावे घरीच वाचून घ्यावी. धड असलेला मोठा हंडा, नक्षीची समई, वजनदार परात मोडीत घालण्याआधी भांडे म्हणून कुणी घेते का, ते विचारा. चालू भांड्याला मोडीपेक्षा बरे पैसे येतात. चपटे करू नका म्हटले ते याचसाठी. देवळाची घंटा किंवा जुनी मूर्ती गावाची असते, ती मोडीत जाता कामा नये.

विकलेली पितळ पुढे कुठे जाते, असे आपल्या मनात येईल. ती भट्टीत वितळते. काही तुकडे पुन्हा भांडी होतात, काही दूर गुजरातेत जामनगरसारख्या ठिकाणी जाऊन नळाचे, पंपाचे, विजेच्या खटक्यांचे सुटे भाग होतात. आपल्याच घरचा हंडा उद्या कुणाच्या फवारणीच्या पंपाचा नोझल होऊन शेतात परत आला, तर नवल नाही.

व्यवहार संपला की पावती घ्या. तिच्यावर धातू, वजन, घट आणि भाव वेगवेगळे लिहून घ्या. दुकानदाराने ओळखपत्र मागितले तर दाखवा. चोरीचा माल घ्यायला नको म्हणून तो मागतो. पैसे मोजून आतल्या खिशात ठेवा आणि ज्या कामासाठी पितळ विकली, त्याच कामाला लावा. बियाणे घ्यायचे असेल तर त्याचीही पावती घ्या, पिशवी आणि खूणचिठ्ठी जपून ठेवा.

आणि एक. हे सगळे मृगाच्या तोंडावर करू नका. उन्हाळ्यात, हाताला सवड असताना, एकदा माळा उतरवा, निवडा, तोला, कागद करून ठेवा. गरज दारात येण्याआधी भाव विचारून आलेल्या माणसाला घाई नसते, आणि घाई नसलेल्या माणसाशी व्यापारी जरा जपूनच बोलतो.